बंदुकीचा बोअर व गोळीचे वजन : कात्रपच्या एका सभासदांस उत्तर

कात्रप येथील आमच्या एका सभासद बंधूंनी गेल्या महिन्यात आम्हास विस्तृत पत्र लिहून बंदुकीविषयी पृच्छा केली आहे. डोंगराच्या अंगास त्यांची चार भातखाचरे व थोडी वरकस जमीन आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर ते वाल टाकतात. गेली दोन वर्षे वालाचे कोवळे शेंडे रातोरात नाहीसे होतात, बांध उकरले जातात आणि खाचरांत खुरांचे माग उमटतात. त्यांच्या चिरंजीवांचा निष्कर्ष असा की, डोंगरातून हरणे उतरतात, सबब एक रायफल घ्यावी. प्रश्न एवढाच की, ती .३१५ बोअरची घ्यावी की .३०-०६ ची; आणि दुसरी घेतल्यास गोळी १५० ग्रेनची वापरावी की १८० ग्रेनची. पत्राच्या अखेरीस ते लिहितात की, आपली हयात कचेरीत गेली, परवान्यांची दफ्तरे आपल्या हाताखालून गेली, तेव्हा आपण सांगाल ते आम्ही प्रमाण मानू.

आम्ही शिकारी नव्हे, हे प्रथम कबूल करतो. तीस वर्षे महसूल खात्यात लेखणी चालविली, आणि बंदूक हाती धरली ती बहुधा जप्तीच्या यादीत क्रमांक लिहून घेण्यापुरती. परंतु परवान्यांच्या अर्जांवरील अभिप्राय, नुकसानीचे पंचनामे व अपघातांचे जबाब लिहिता लिहिता बंदुकीविषयी जे कळते, ते बंदूक चालविणारास पुष्कळदा कळत नाही. गोळी सुटली की त्याचे काम संपते, आणि आमचे तेथून सुरू होते. म्हणून हे उत्तर खाजगी पत्राने न देता मासिकातून देत आहो. असेच प्रश्न आणखी चार घरांत चालू असावेत.

प्रथम ग्रेन म्हणजे काय ते आपल्या मापात सांगतो, कारण दुकानदार आकडा बोलतो आणि घेणारा मान डोलावतो. इंग्रजी पौंडाचे ग्रेन ७,०००. आपला तोळा इंग्रजी अमदानीत १८० ग्रेनांचा ठरविला गेला, आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा होता. तेव्हा १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा, व १५० ग्रेनची म्हणजे दहा मासे. .३१५ बोअरच्या काडतुसात पूर्वापार जी २४४ ग्रेनची गोळी येते ती एक तोळा सव्वाचार मासे भरते. पोरे ससे मारण्यास ज्या .२२ चे नाव घेतात, तिची ४० ग्रेनची गोळी जेमतेम पावणेतीन मासे.

बारा बोअरच्या बंदुकीचा हिशेब निराळा आहे. ज्या नळीत बसतील अशा शिशाच्या गोल गोळ्या पौंडाला बारा चढतात, ती नळी बारा बोअरची. अशी एक गोळी सव्वातीन तोळ्यांची होते. रायफलीचा आकडा मात्र नळीच्या व्यासाचा, तोही इंचाच्या अपूर्णांकात. म्हणून बारा मोठा की .३१५ मोठा, हा जो वाद आम्ही एकदा कचेरीच्या ओट्यावर ऐकला, त्यास काही अर्थ नाही. तसेच .३०-०६ मधील ०६ हे गोळीचे वजन अगर माप नसून १९०६ हे साल आहे. त्या साली अमेरिकेच्या सैन्याने ते काडतूस स्वीकारले. आणि .३१५ हे विलक्षण माप आपल्याकडे रुळण्याचे कारण असे की, सैन्याच्या .३०३ बोअरची रायफल इंग्रज सरकारने खाजगी इसमास मना केली. तेव्हा बाहेरच्या मापाची काडतुसे घेणे प्राप्त झाले, आणि पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही तेच माप चालविले. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी वजनांचा हा सर्व हिशेब तपासून दिला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर. हलकी गोळी अधिक वेगाने जाते व लांबवर तिचा मार्ग सरळ राहतो. जड गोळी तुलनेने सावकाश जाते, परंतु अंगात खोल शिरते. रात्रीच्या राखणीत जनावर पन्नास-साठ पावलांवर असते. तेवढ्या अंतरात मार्ग सरळ राहण्याचा लाभ शून्य. उलट जवळून फार वेगाने लागलेली हलकी, मऊ नाकाची गोळी फऱ्याच्या हाडावर फुटून वरच्यावर मोठी जखम करते आणि काळीज-फुफ्फुसांपर्यंत पोचत नाही, असे घडू शकते. सबब जनावर थोराड असेल तर १५० पेक्षा १८० ग्रेन बरी. कवचाने पूर्ण झाकलेली, सैन्याच्या घाटाची गोळी मात्र कोणत्याही वजनाची असो, जनावरासाठी वापरू नये. ती आरपार निघून जाते, आणि जनावर पळून जाऊन दोन दिवसांनी कोठेतरी मरते. जड गोळी काटकीस लागून वळत नाही, हलकी वळते, अशीही एक समजूत शिकाऱ्यांत आहे. चाचण्यांत जडही वळलेली आढळते; तेव्हा झुडपाआडच्या जनावरावर गोळी टाकणे हे वजनाने शुद्ध होणारे पाप नव्हे.

इतके लिहून लेखणी ठेवता आली असती. परंतु प्रश्नकर्त्यांनी आम्हास विचारले ते हरणाविषयी, आणि हरणास कोणतीही गोळी चालत नाही. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, तेव्हापासून शिकारीवर निर्बंध होतेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते देशभर कडक झाले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शुल्क भरून मिळणारा शिकारीचा परवानाही संपला. भेकर, सांबर, चितळ, पिसोरी यांपैकी काहीही मारणे हा अपराध आहे. कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ मारणे एवढाच नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. जखमी करणे, फासा लावणे, विष घालणे, त्या हेतूने हाकून नेणे, किंबहुना नुसता प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीतच येते. बंदुकीचा परवाना हा बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना आहे; तो जनावर मारण्याचा नव्हे. हे दोन कागद निराळे, देणारे निराळे. आपल्या बदलापूरच्या हद्दीत पहिला ठाणे पोलीस आयुक्तांकडून मिळतो आणि दुसरा वनखात्याकडून.

तरीही आम्ही मागच्या पंधरवड्यात कात्रपला जाऊन शेत डोळ्यांनी पाहिले. सभासद बंधू बरोबर होते, चिरंजीवही होते. जे दिसले ते येथे नमूद करतो, कारण बंदूक घेण्यापूर्वी माग वाचणे अगत्याचे आहे.

बांध उकरलेला होता तो नांगराच्या तासासारखा, मुसंडी मारून. खुरांच्या मागे दोन लहान खुरांचे ठसे स्वच्छ उठलेले होते. हे रानडुक्कर. हरणवर्गाच्या खुरांचा ठसा अरुंद व टोकदार असतो, आणि मागची लहान खुरे खोल चिखलाखेरीज उमटत नाहीत. वालाचे शेंडे आम्ही हातात घेऊन पाहिले. खालच्या दोन खाचरांत ते विळ्याने तिरपे छाटल्यासारखे होते. हरणास वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; ते पाला धरून ओढते, म्हणून त्याने खाल्लेल्या देठाचे टोक फाटलेले, तंतू लोंबणारे असते. तिरपा, स्वच्छ काप हे सशाचे काम. साऱ्या शेतात हरणाचा म्हणावा असा एकच माग मिळाला, लहान खुरांचा, बहुधा भेकराचा, आणि तोही ओढ्याकडून डोंगराकडे सरळ निघून गेलेला. वाटेत वालास तोंड लावलेले दिसले नाही. ज्यासाठी दीड तोळ्याच्या गोळीचा विचार चालला होता, तो चोर निम्मा ससा निघाला. चिरंजीव किंचित हिरमुसले. आम्हास हसू आले, पण आम्ही ते दाखविले नाही.

बाकी राहिला तो डुक्कर, आणि त्याचे नुकसान मात्र खरे आहे. एका रात्रीत दोन गुंठे वाल उलथून टाकलेला आम्ही पाहिला. रानडुक्कर व रोही यांनी पिकांची नासाडी केल्यास त्यांस मारण्याची परवानगी ठरावीक अटींवर वनक्षेत्रपालांकडून मिळण्याची व्यवस्था महाराष्ट्र शासनाने २०१५ साली केली. रोही आपल्या बाजूस नाही, डुक्कर आहे. केरळात २०२२ साली हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखांकडे सोपविला गेला. तेव्हा हरणाविषयी विचारलेला प्रश्न आम्ही डुकराविषयी समजून पुढे चालवितो.

येथे आम्हास आमच्या नोकरीतील एक पंचनामा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गाव कोणते ते लिहीत नाही, जिल्हा हाच. एका परवानेदार गृहस्थांनी वरीच्या शेतात आलेल्या डुकरावर बारा बोअरच्या बंदुकीने दोन बार टाकले. जनावर ओरडले व कारवीत शिरले. त्या रात्री शेत वाचले, आणि गृहस्थ समाधानाने झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारवीत सरपणास गेलेल्या एका कातकरी बाईवर ते डुक्कर तुटून पडले. मांडी फाटली. बाई वाचली, परंतु पाय सरळ झाला नाही, आणि ज्या घराची चूल तिच्या मोळीवर चालत होती त्या घराचे काय झाले, ते आमच्या कागदात लिहिण्याची जागा नव्हती. पुढे जनावर मेले. गुरांच्या डॉक्टरांनी ते उघडले, तेव्हा कातड्याखालच्या चरबीत मोहरीच्या दाण्यांसारखे छर्रे पसरलेले होते. एकही फासळीपलीकडे गेला नव्हता. काडतुसे चार नंबरची होती, म्हणजे तित्तिर-कबुतरांची. चार नंबरचे छर्रे औंसाला १७० बसतात. एक छर्रा दीड गुंजेहूनही कमी. त्या गृहस्थांस वाटले, छर्रे पुष्कळ म्हणजे मार पुष्कळ.

आम्ही तो पंचनामा स्वहस्ते लिहिला. बंदुकीचा क्रमांक लिहिला, परवान्याचा लिहिला, शिल्लक काडतुसांची संख्या मोजून लिहिली. काडतुसात कोणता छर्रा होता, हे ना नमुन्यात विचारलेले होते, ना आम्ही विचारले. तो प्रश्न डॉक्टरांनी विचारला. त्या दिवसापासून बोअरपेक्षा वजन ही बाब आमच्या मनात बसली आहे.

इंग्लंडात हा विचार कायद्याने झालेला आहे, आणि योगायोग असा की, तो आपल्या भेकराच्याच एका भाऊबंदाविषयी आहे. भेकराची चिनी जात विसाव्या शतकाच्या आरंभी बेडफर्डशायरमधील वोबर्न येथील सरदारी उपवनात आणून सोडली गेली. तेथून निसटून ती दक्षिण इंग्लंडभर पसरली, आणि रोपवनांस व बागांस उपद्रव देऊ लागली. तेथे हरणे मारण्यास मोकळीक आहे, परंतु कशाने मारावे यास नाही. १९९१ च्या हरिणविषयक कायद्याप्रमाणे मोठ्या हरणांसाठी रायफलीचे माप .२४० इंचाहून कमी चालत नाही, व गोळीचा जोर नळीच्या तोंडाशी निदान १,७०० फूट-पौंड लागतो. भेकरासारख्या लहान जातींसाठी पुढे सवलत दिली, तेथेही.२२० इंच, १,००० फूट-पौंड आणि निदान ५० ग्रेनची, मऊ अगर पोकळ नाकाची गोळी ही मर्यादा आहे. आपल्याकडे चोरटे लोक ज्या .२२ ने भेकर पाडू पाहतात तिचा जोर सुमारे १४० फूट-पौंड. स्कॉटलंडात १९८५ पासून मोठ्या हरणास १०० ग्रेनची गोळी आवश्यक होती. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरता याव्यात म्हणून २०२३ साली ती मर्यादा ८० वर आणली. आणि शेतकऱ्यासाठी इंग्लंडच्या कायद्यात खास कलम आहे. ज्याच्या पिकाचे भारी नुकसान होत आहे त्याने आपल्या जमिनीत बारा बोअरहून लहान नसलेली साधी बंदूक वापरावी. परंतु काडतुसात एकच गोळी असेल तर ती ३५० ग्रेनहून, म्हणजे जवळजवळ दोन तोळ्यांहून, हलकी नसावी, आणि छर्रे असतील तर प्रत्येकाचा व्यास.२०३ इंचाहून कमी नसावा. त्या चार नंबरच्या काडतुसाने कोणी तेथे हरणावर बार टाकला असता तर तोच अपराध झाला असता.

आम्ही जी परवानगीपत्रे पाहिली, त्यांत जनावराचे नाव होते, गट नंबर होता, मुदत होती. गोळीविषयी शब्द नव्हता. ज्याने परवानगी दिली त्याला शेतकऱ्याच्या हातात काय आहे हे ठाऊक नसते. ज्याने बंदुकीचा परवाना दिला त्याला ती कशावर सुटणार हे ठाऊक नसते. आमची सूचना अशी आहे की, परवानगीपत्रात एक ओळ वाढवावी : कोणत्या बोअरची बंदूक, कोणते काडतूस, आणि बार कोणत्या जागेवरून कोणत्या दिशेस. कचेरीस याने काम वाढेल, असा आक्षेप येईल. आम्ही कचेरीतलेच आहो. एका ओळीने काम किती वाढते हे आम्हास चांगले माहीत आहे.

जागेचा मुद्दा कात्रपला तर सर्वांत महत्त्वाचा. सभासद बंधूंच्या बांधावर उभे राहून आम्ही चोहोकडे पाहिले. रेल्वेच्या अंगास सात मजली इमारतींची रांग आहे आणि तिच्यापुढे आणखी एक उभी राहत आहे. एका बाजूस कारखान्यांची वसाहत, जेथे रात्रपाळीचे कामगार पायवाटेने येतात-जातात. डोंगराच्या बाजूस वाडी, आणि तेथील माणसे पहाटेच्या अंधारात उठून बाहेर पडतात. कात्रप हे गाव होते तेव्हा, म्हणजे आमच्या बालपणी, संध्याकाळनंतर या शिवारात राखणदाराखेरीज माणूस नसे. आज .३०-०६ ची तोळाभराची गोळी चुकून वर सुटली तर दोन मैलांहून दूर जाऊ शकते. त्या बांधावरून दोन मैलांत काय नाही? स्टेशन आहे, शाळा आहेत, दवाखाने आहेत. .२२ ही खेळण्यातली म्हणतात, तीही मैलाहून अधिक जाते. .३१५ असो की .३०-०६, कात्रपच्या शिवारात रायफल सोडण्यास योग्य अशी दिशाच आता उरलेली नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे, आणि चिरंजीवांस ते कडू लागले तरी आम्ही ते बदलणार नाही. कॉर्बेट साहेबांनी .२७५ च्या हलक्या रायफलीने नरभक्षक मारले, हे त्यांनी आम्हास ऐकविले. खरे आहे. पण कुमाऊँच्या डोंगरात गोळीच्या मागे डोंगर होता, शिवाय साहेबांपाशी.४५०/४०० ची भारी दुनळीही होती, हे सोयीने विसरले जाते.

तेव्हा डुकरासाठी परवानगी मिळालीच, तर बारा बोअरची साधी बंदूक पुरेशी आहे. तिच्यात एक-गोळीचे काडतूस मिळाल्यास तेच घालावे. मात्र त्यापूर्वी नळीचे तोंड आवळ आहे काय, म्हणजे ज्यास चोक म्हणतात तो किती आहे, हे बंदूकसाजाकडून तपासून घ्यावे. दुनळीची डावी नळी बहुधा अधिक आवळ असते. तिच्यातून मापाबाहेरची अखंड गोळी सोडल्यास नळीस व सोडणारास, दोघांसही धोका. एक-गोळी न मिळाल्यास एलजी. त्याचे छर्रे औंसाला सुमारे सहा, म्हणजे प्रत्येकी पावणेपाच मासे. एसजीचे औंसाला आठ. एलजी-एसजीही पंचवीस-तीस पावलांच्या आतच टाकावी. पुढे छर्रे पांगतात, एखाददुसराच अंगात जातो, आणि पुन्हा आमची कारवीतली कथा घडते. न लागलेले छर्रे सातशे-आठशे यार्ड जाऊ शकतात, हेही ध्यानात असावे. चार, पाच, सहा नंबरची काडतुसे डुकरासाठी घरात ठेवूच नयेत. रात्री घाईत हाताला येईल ते भरले जाते.

आणि बार माळ्यावरून टाकावा. याचा हिशेब सोपा आहे. जमिनीवर उभे राहून वीस पावलांवरील डुकरावर बार टाकला तर न लागलेली गोळी त्याच्या मागे पुष्कळ अंतर जाऊन उथळ कोनाने जमिनीस लागते. खाचरात पाणी असेल अगर कातळ असेल तर तेथून उसळून पुढे जाते. तीच बंदूक जमिनीपासून बारा फूट उंचीवरून खाली रोखली तर गोळी जनावराच्या मागे आठ-दहा हातांत मातीत रुतते. शंभर-दीडशे रुपयांच्या काथ्यात व चार वाशांत जी सुरक्षितता मिळते, ती कोणत्याही कारखान्याच्या रायफलीत मिळत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत प्रत्येक वरकशीत माळा असे. तो राखणदाराच्या झोपेसाठी बांधीत, असे आम्ही समजत होतो.

मारलेले डुकर आपले नव्हे, ते सरकारजमा होते, हेही सांगून ठेवतो. मांसाच्या वाटणीवरून उभे राहिलेले दोन फौजदारी खटले आम्हास ठाऊक आहेत, आणि दोहोंत मारण्याची परवानगी रीतसर होती.

विजेची तार कुंपणास लावण्याविषयी पत्रात एक ओघाचा उल्लेख आहे. तो वाचून आम्ही चमकलो. घरातील विजेचा प्रवाह उघड्या तारेत सोडणे म्हणजे रात्री न बोललेला बार टाकून ठेवण्यासारखे आहे. अशा तारांनी महाराष्ट्रात दरसाल माणसे मरतात, आणि मरणारा पुष्कळदा तार लावणाराच अगर त्याच्या घरचाच असतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक व मोजका असतो. ते निराळे, आणि ते करण्यास आमची हरकत नाही. नुकसानीची भरपाईही मागावी. वनखाते, कृषिखाते व गाव यांची माणसे मिळून पंचनामा करतात. त्यासाठी तक्रार ताबडतोब द्यावी, खुरांचे ठसे व उकरलेला बांध यांची छायाचित्रे घ्यावीत, सातबाऱ्यावर त्या हंगामाची पीकपाहणी नोंदलेली आहे की नाही ते आधी पाहावे. वालाची नोंद नाही म्हणून परत गेलेले अर्ज आमच्या टेबलावरूनच गेले आहेत. दुबार पिकाची नोंद करण्याचा आळस आपल्याकडे फार.

राहता राहिला खर्च व खटाटोप. परवाना मिळण्यास लागणारा काळ, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करणे, ती परत आणणे. २०२४ साली विधानसभेचे मतदान नोव्हेंबरच्या २० तारखेस होते, म्हणजे ऐन वाल पेरण्याच्या सुमारास. पाच घरांनी पाच बंदुका घेण्यापेक्षा गावातील ज्या एका परवानेदारांचा हात स्थिर आहे व ज्यांची सवय शाबूत आहे, त्यांच्या नावे परवानगी मागून त्यांस माळ्यावर बसविणे आम्हास अधिक शहाणपणाचे वाटते. बिहारात मोकामा भागात २०१६ साली रोही मारण्यास हैदराबादेहून नेमबाज आणविले होते; त्यावरून देशभर गहजब झाला, आणि तो कोणत्या पक्षाने बरोबर केला हे येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु शेतकऱ्यांनी स्वतः अंधारात बार टाकण्यापेक्षा सवयीच्या माणसाकडून काम करून घ्यावे, हा त्यातील भाग आम्हास पटतो.

सभासद बंधूंस आमचे सांगणे इतकेच की, यंदा वाल पेरण्यापूर्वी डोंगराकडच्या बांधावर माळा घालावा आणि वरची दोन खाचरे पहिले पंधरा दिवस राखावी. डुक्कर त्याच काळात अधिक येतो. सशासाठी खालच्या बांधास दोन हात उंचीची बारीक जाळी पुरेल. वनक्षेत्रपालांच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे, त्यात काडतुसाची ओळही घातली आहे. आमच्या जुन्या घराचे सागाचे सहा वासे गोठ्याच्या माळ्यावर पडून आहेत. चिरंजीवांस बैलगाडी अगर टेम्पो घेऊन रविवारी पाठवावे. वासे व मसुदा दोन्ही मिळतील.